दीड कोटी जास्त झाले का? मोसंबीच्या बागेतून समजून घ्या खेळाडूंच्या लिलावाचे गणित

जालना : लिलावाचा हातोडा पडतो, पडद्यावर आकडा झळकतो आणि पुढच्या मिनिटाला चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच प्रश्न सुरू होतो. ‘एवढ्या पोराला एवढे पैसे?’

हा वाद नेमका सोडवायचा कसा, हे पाहण्यासाठी दोन मराठी खेळाडू समोर ठेवू. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा कबड्डीपटू सिद्धार्थ देसाई आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तुळजापूरचा वेगवान गोलंदाज राजवर्धन हंगरगेकर. देसाईला २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख मिळाले, हंगरगेकरला २०२२ मध्ये १ कोटी ५० लाख. रक्कम जवळपास सारखीच. देसाईने भरपूर गुण मिळवले, तरी त्याचा संघ तळाशी गेला. हंगरगेकर तीन हंगामांत दोनच सामने खेळला, तरी त्याच्या संघाने त्या काळात विजेतेपद पटकावले.

मग महाग कोण पडला?

आधी जालन्याचा आकडा : ३० लाख

जालनेकरांना लिलावाचे वेगळे उदाहरण द्यायची गरज नाही. विजय झोल आपल्याच शहराचा. कूचबिहार करंडकात १९ वर्षांखालील महाराष्ट्राकडून खेळताना २०११ मध्ये त्याने आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि त्याचे नाव देशभर झाले. २०१२ मध्ये युवा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. जानेवारी २०१४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारताने शारजात पाकिस्तानला हरवून युवा आशिया चषक जिंकला. अंतिम सामन्यात झोलने शतक केले आणि उपकर्णधार संजू सॅमसननेही.

पुढच्याच महिन्यात आयपीएलचा लिलाव होता. भारताकडून न खेळलेले खेळाडू प्रथमच लिलावात उतरणार होते. त्याआधी अशा खेळाडूंना अनुभवानुसार १०, २० किंवा ३० लाखांच्या ठरावीक पट्टीत बसवले जाई. आता दार उघडले होते. रॉयल चॅलेंजर्स बंगळूरने झोलला ३० लाखांत घेतले.

याच लिलावात बंगळूरने युवराजसिंगसाठी १४ कोटी मोजले. संघाची खर्चमर्यादा होती ६० कोटी. म्हणजे युवराजला २३ टक्के आणि झोलला अर्धा टक्का. संजू सॅमसन तर लिलावात आलाच नाही. राजस्थानने त्याला ४ कोटींत आपल्याकडेच ठेवले. एकाच युवा संघाच्या कर्णधाराला ३० लाख, उपकर्णधाराला ४ कोटी. हा फरक दोघांच्या फलंदाजीतला होता का? माझ्या मते फारच थोडा. सॅमसनचा एक आयपीएल हंगाम लोकांनी पाहिलेला होता, झोलचा नव्हता. बाजार जे पाहतो त्याचेच पैसे देतो.

पुढे युवा विश्वचषकात भारत उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडकडून हरला आणि आयपीएलमध्ये झोलला पाय रोवता आले नाहीत. पण ‘बंगळूरने झोलला जास्त दिले’ असे कोणी म्हटल्याचे तुम्ही ऐकले आहे का? नाही. अर्ध्या टक्क्याच्या चुकीची चर्चा होत नसते.

फळ हिरवे असताना बाग घेणे

अंबड, घनसावंगी, बदनापूर भागातल्या वाचकांनी हा भाग दोन मिनिटांत समजून घ्यावा, कारण तो त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

आंबिया बहाराची मोसंबी झाडावर अजून हिरवी आणि लहान असते. व्यापारी बागेत येतो, चार-दोन झाडांखालून फिरतो, फांदीवरची फळे नजरेने मोजतो आणि अख्खी बाग उक्ती मागतो. इसार देतो. सौदा ठरल्यानंतर फळगळ झाली, पावसाने ओढ दिली किंवा भाव पडला, तर तो त्याचा जोखमीचा भाग. फळ चांगले पोसले, भाव चढला, तर नफाही त्याचाच. मग शेतकरी म्हणतो, स्वस्तात दिली.

एकोणीस वर्षांचा खेळाडू म्हणजे ही हिरवी बाग. संघ आज दिसणाऱ्या खेळाचे पैसे देत नाही, तीन वर्षांनी दिसेल अशा खेळाचे देतो.

आता समजा, एकाच बागेसाठी पाच व्यापारी आले. एकाचा अंदाज २० टन, दुसऱ्याचा २२, तिसऱ्याचा २५, चौथ्याचा २८ आणि पाचव्याचा ३२. खरा माल निघणार आहे २५ टन. बाग कोण नेईल? ज्याचा अंदाज सर्वांत चुकीच्या दिशेने वर गेला आहे तो. म्हणजे बोली जिंकणे हाच आपला अंदाज फुगल्याचा पुरावा. याला ‘जिंकणाऱ्याचा शाप’ म्हणतात. मेक्सिकोच्या आखातातल्या तेलक्षेत्रांसाठी बोली लावणाऱ्या कंपन्यांचे नफे सतत अपेक्षेपेक्षा कमी का निघतात, याचा शोध घेताना एका अमेरिकी तेल कंपनीच्या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये हे मांडले. (अभियंत्यांनी लावलेला शोध म्हणून आमच्यासारख्यांना त्याचे जरा जास्तच कौतुक.)

अनुभवी व्यापारी यावर उपाय करतो. मनात ३२ टन आले, तर २६ धरून भाव सांगतो. क्रिकेट संघाच्या टेबलावर बसलेले लोकही हेच करण्याचा प्रयत्न करतात. पण समोर कॅमेरा असतो, शेजारच्या टेबलावर प्रतिस्पर्धी असतो आणि आवडलेला खेळाडू हातातून निसटत असतो. तेव्हा २६ चे पुन्हा ३२ कधी होतात, कळत नाही.

लिलावाबद्दल आणखी एक गोष्ट विसरली जाते. किंमत ठरवायला दोन जण लागतात. १ कोटी ५० लाखांना खेळाडू गेला, याचा अर्थ दुसरा कोणीतरी त्याच्या अगदी जवळच्या आकड्यापर्यंत आला होता. ‘मूर्खासारखे पैसे उधळले’ असे म्हणायचे असेल, तर किमान दोन मूर्ख मोजावे लागतील.

हंगरगेकरचे दीड कोटी

५ फेब्रुवारी २०२२ रोजी भारताने अँटिग्वात इंग्लंडला हरवून युवा विश्वचषक जिंकला. वेगाने चेंडू टाकणारा आणि शेवटच्या षटकांत लांब षटकार मारणारा हंगरगेकर त्या संघात होता. आठवडाभरात बंगळूरमध्ये आयपीएलचा महालिलाव झाला. त्याची मूळ किंमत ३० लाख. चेन्नई सुपर किंग्जने त्याला दीड कोटीला घेतले. अष्टपैलू, वेगवान आणि भारतीय, असे तिन्ही एकत्र फार क्वचित मिळते. त्यामुळे बोली चढली यात नवल नाही.

२०२२ मध्ये त्याला एकही सामना मिळाला नाही. ३१ मार्च २०२३ रोजी अहमदाबादमध्ये गुजरात टायटन्सविरुद्ध पदार्पण झाले आणि त्याने ३६ धावांत ३ बळी घेतले. दुसऱ्या सामन्यात तो महागडा ठरला. त्यानंतर चेन्नईकडून त्याला संधी मिळाली नाही. २०२४ च्या हंगामातही तो संघासोबत होता. पुढच्या महालिलावात, नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दात, लखनौने त्याला ३० लाखांत घेतले.

आयपीएलमधली रक्कम दर हंगामाची असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणजे तीन हंगामांचा कागदावरचा हिशोब साडेचार कोटी. सामने दोन, बळी तीन. एका बळीला दीड कोटी! समाजमाध्यमांवर हा हिशोब फार चालतो.

पण हा हिशोब चुकीच्या भाजकाने केलेला आहे. २०२२ मध्ये चेन्नईची खर्चमर्यादा ९० कोटी होती. दीड कोटी म्हणजे त्यातले १.६७ टक्के. चेन्नईने त्याच लिलावात तुषार देशपांडेला २० लाखांत घेतले आणि महाराष्ट्राकडून खेळणाऱ्या मुकेश चौधरीलाही २० लाखांत. मुकेशने २०२२ मध्ये १६ बळी घेतले, तुषारने २०२३ मध्ये २१, आणि त्या वर्षी चेन्नई विजेती ठरली. तीन तरुण वेगवान गोलंदाज, एकूण खर्च १ कोटी ९० लाख. त्यातले दोन फळले. एखाद्या बागायतदाराने तीन कलमे लावली आणि दोन बहरली, तर तिसऱ्याच्या रोपाची किंमत काढून तो रडत बसत नाही.

चेन्नईने हंगरगेकरला जास्त दिले का? माझे उत्तर : नाही. त्यांनी एक छोटी पैज लावली, ती लागली नाही आणि त्यामुळे त्यांचे काहीही अडले नाही. अडले असेल तर हंगरगेकरचेच. वीस ते बावीस या वयात गोलंदाजाला षटके हवी असतात आणि आयपीएलच्या त्या तीन हंगामांत त्याला ती फार थोडी मिळाली. दीड कोटीच्या चर्चेत हा भाग येत नाही.

देसाईचे १ कोटी ४५ लाख

कबड्डीत हाच आकडा किती वेगळा वागतो ते पाहा.

२०१८ च्या प्रो कबड्डी हंगामात यू मुंबाने सिद्धार्थ देसाईला ३६ लाख ४० हजारांना घेतले होते. पहिलाच हंगाम, आणि त्याने चढाईत २१८ गुण मिळवले. उंच, धिप्पाड, मधल्या रेषेकडे येताना अंगावर दोघे-तिघे घेऊन येणारा. लोक त्याला ‘बाहुबली’ म्हणू लागले. एप्रिल २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या वर्षीचा तो सर्वांत महाग खेळाडू.

संघाची एकूण खर्चमर्यादा होती ४ कोटी ४० लाख. म्हणजे एकट्या देसाईवर ३३ टक्के. किमान १८ जणांचा संघ उभा करायचा, तर उरलेल्या १७ जणांसाठी २ कोटी ९५ लाख, सरासरी १७ लाख. हंगरगेकरचे दीड कोटी चेन्नईच्या खिशातली चिल्लर होते. देसाईचे जवळपास तेवढेच पैसे म्हणजे तेलुगूच्या घराचा एक तृतीयांश भाग.

देसाईने आपले काम केले. त्याही हंगामात तो चढाईत २०० गुणांच्या पुढे गेला. पण तेलुगू टायटन्स बारा संघांत अकराव्या स्थानावर राहिले. आणि ज्या यू मुंबाने त्याला जाऊ दिले, तो संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि बंगाल वॉरियर्सकडून अवघ्या दोन गुणांनी हरला. फझल अत्राचलीचा बचाव आणि अभिषेक सिंग, अर्जुन देशवाल यांच्यासारखे तेव्हा फारसे नाव नसलेले चढाईपटू. यू मुंबाने बाहुबली विकला आणि पैसे वाटून टाकले, असे म्हणा हवे तर.

असे का होते? कबड्डी खेळलेल्याला हे सांगावे लागत नाही. चढाईपटू बाद झाला की तो बाहेर बसतो. त्याला आत आणायचे, तर त्याच्या संघाने समोरचा कोणीतरी बाद करायला हवा. आपल्याकडे गावात याला ‘जिवंत करणे’ म्हणतात. संघात दुसरा भरवशाचा चढाईपटू नसेल किंवा पकड ढिली असेल, तर ज्याच्यावर एक तृतीयांश पैसे लावले तोच बाकावर बसून सामना पाहतो. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद झाला, तर त्याच्या धावा फलकावर राहतात आणि खेळ पुढे चालतो. कबड्डीत तुमचा हिरा उरलेल्या सहा जणांच्या ताकदीवर मैदानात परततो. त्या सहा जणांसाठी पैसेच उरले नसतील तर?

२०२१ च्या लिलावात तेलुगूने त्याला १ कोटी ३० लाखांत पुन्हा आपल्याकडे राखले. तीन सामन्यांनंतर तो जखमी झाला आणि हंगाम संपला. तेलुगूने २२ सामन्यांत एकच विजय मिळवला. इथे पैशांच्या टक्केवारीचा दुसरा धोका दिसतो. खांदा एकाचा निखळतो, संघ सगळा झोपतो.

तर तेलुगूने जास्त दिले का? दिले. पण देसाई महाग होता म्हणून नव्हे. २१८ गुणांच्या खेळाडूची किंमत तेवढी होणारच होती. उरलेल्या पैशांत त्याच्याभोवती संघ उभा राहिला नाही, हा हिशोब तेलुगूचा होता. गंमत अशी, की हरल्यावर शिव्या मात्र बोली लावणाऱ्याला पडत नाहीत. चढाईला उतरलेल्या माणसाला पडतात. त्याने काही स्वतःसाठी हात वर केला नव्हता.

पण मग पुणेरी पलटण कशी जिंकली?

इथे थांबलो असतो, तर उत्तर सोपे होते : एकावर पैसे लावू नका. पण आकडे तसे म्हणत नाहीत.

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात मर्यादा ५ कोटी होती. तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, म्हणजे ५२ टक्के, आणि संघ शेवटच्या स्थानावर राहिला. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. ४७ टक्के. आणि मार्च २०२४ मध्ये हैदराबादला अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पलटण विजेती ठरली.

त्याआधीच्या हंगामाची गोष्ट तर आणखी विचित्र. तमिळ थलायवाजने याच पवनसाठी २ कोटी २६ लाख दिले होते, ४ कोटी ४० लाखांतले निम्म्याहून जास्त. पहिल्याच सामन्यात पवन जखमी होऊन बाहेर गेला. अर्धे पैसे बाकावर. तरीही थलायवाज पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोहोचले.

या दोन्ही संघांत समान काय होते? कमी पैशांत चमकलेली पोरे. थलायवाजकडे तरुण नरेंदर होता, त्याने पवनची जागा भरून काढली. पलटणकडे अहिल्यानगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार कर्णधार होता. सोबत मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे अशी संघातच वाढलेली तरुण फळी होती. प्रो कबड्डीत नव्या तरुण खेळाडूंसाठी वेगळा गट असतो. त्यांना खुल्या बोलीऐवजी ठरलेले, कमी मानधन मिळते. यातला एखादा दीड कोटीचा खेळ करू लागला, तरी करार संपेपर्यंत त्याचे पैसे तेवढेच.

खर्चमर्यादा असलेल्या कोणत्याही लीगमधले खरे इंगित हेच आहे. महाग खेळाडू परवडतो तो स्वस्त खेळाडूंमुळे. कोणाला तरी कमी मिळते म्हणून दुसऱ्याला जास्त देता येते. चेन्नईने डिसेंबर २०१८ च्या लिलावात ऋतुराज गायकवाडला २० लाखांत घेतले होते. २०२१ मध्ये त्याने ६३५ धावा करून ऑरेंज कॅप मिळवली आणि चेन्नई विजेती झाली. तेव्हाही त्याचे मानधन लाखांतच. पुढच्या हंगामासाठी चेन्नईने त्याला ६ कोटींत राखले. ज्या वर्षी त्याने विजेतेपद मिळवून दिले, त्या वर्षी चेन्नईने त्याच्या मोबदल्यात किती कोटी वाचवले, याचा हिशोब कोणी मांडला का? ‘जास्त दिले का’ हा प्रश्न दर लिलावाला विचारला जातो. ‘कमी दिले का’ हे विचारायला कोणाला फुरसत नसते.

कॅनडातला जुना वाद

तरुण खेळाडूला जास्त दिल्याचा वाद सर्वांत जोरात कुठे होतो? उत्तर अमेरिकेतल्या आईस हॉकीत. तिथेही संघांना खर्चाची कमाल मर्यादा आहे, पण करार आठ-आठ वर्षांचे होत आले आहेत. २०१७ मध्ये कॅनडाच्या एडमंटन ऑयलर्सने २१ वर्षांच्या लिऑन ड्रायसाइटल या जर्मन खेळाडूशी आठ वर्षांचा, ६ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला. वर्षाला ८५ लाख डॉलर. तेव्हाच्या साडेसात कोटी डॉलरच्या मर्यादेत ११.३ टक्के. एक चांगला हंगाम पाहून एवढे? ओरड झाली. अनेकांनी तेव्हाच याला चुकीचा सौदा म्हटले.

२०१९-२० मध्ये तोच खेळाडू लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवून सर्वोत्तम खेळाडू ठरला. करार तोच, वर्षाला ८५ लाख डॉलरचा. २०२४ मध्ये नवा करार झाला तेव्हा त्याची किंमत वर्षाला १ कोटी ४० लाख डॉलर ठरली. म्हणजे ज्याला महाग म्हटले होते, तो मधली बरीच वर्षे स्वस्त होता.

ही तुलना भारतात जशीच्या तशी लागू होत नाही आणि कारण महत्त्वाचे आहे. ऑयलर्सने बाग आठ बहारांसाठी घेतली होती. एखादा बहार वाया गेला असता, तरी पुढचे सात हातात होते. आयपीएलमध्ये संघ खेळाडूला दर वर्षी सोडू शकतो, आणि तीन वर्षांनी महालिलाव आला की बहुतेक सगळा संघच नव्याने बांधावा लागतो. एवढ्या कमी काळात १९ वर्षांचे पोर शिकून, चुकून, सावरून उभे राहायचे कसे? भविष्याचे पैसे द्यायचे आणि भविष्य येईपर्यंत थांबायचे नाही, अशी ही पद्धत आहे. हंगरगेकरच्या बाबतीत नेमके हेच झाले. तो फळण्याआधीच बहार संपला.

मैदानी हॉकीत आपल्याकडेही मर्यादा आहे. २०२४ मध्ये हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू करण्यासाठी लिलाव झाला, तेव्हा पुरुष संघाला ४ कोटींची मर्यादा होती. कर्णधार हरमनप्रीतसिंगला सूरमा हॉकी क्लबने ७८ लाखांत घेतले, १९.५ टक्के. पण तो पेनल्टी कॉर्नरवर हमखास गोल करणारा, सिद्ध झालेला खेळाडू. तिथे हिरव्या फळाचा प्रश्न नव्हता.

घरच्यांनी कोणता आकडा पाहायचा?

जालन्याच्या आझाद मैदानावर सकाळी किट बॅग घेऊन येणाऱ्या पोरांच्या घरी लिलावाचा आकडा वेगळ्याच अर्थाने वाचला जातो. त्यांच्यासाठी तो टक्का नसतो, रुपयेच असतात. म्हणून एक साधी तुलना.

रणजी करंडकात २० पर्यंत सामने खेळलेल्या खेळाडूला अंतिम अकरात असताना दिवसाला ४० हजार रुपये मिळतात. चार दिवसांचा सामना म्हणजे १ लाख ६० हजार. साखळीतले सातही सामने खेळला, तर ११ लाख २० हजार. आयपीएलची सध्याची किमान किंमत ३० लाख आहे आणि २०२५ पासून प्रत्येक सामन्याचे वेगळे साडेसात लाख मिळतात. म्हणजे आयपीएलचे दोन सामने रणजीच्या अख्ख्या साखळी फेरीपेक्षा जास्त. पोरगा चार दिवसांच्या क्रिकेटपेक्षा षटकार मारण्याचा सराव का करतो, याचे उत्तर यात आहे. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

पण ३० लाख असोत की दीड कोटी, तो आकडा एका हंगामाचा असतो. तो पगारवाढीसारखा वरच जातो असे नाही. हंगरगेकरचा ३० लाखांवरून दीड कोटीवर गेला आणि पुन्हा ३० लाखांवर आला. पृथ्वी शॉ २०१८ मध्ये युवा विश्वविजेत्या संघाचा कर्णधार होता, २०२२ मध्ये दिल्लीने त्याला साडेसात कोटींत राखले आणि २०२४ च्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीवरही त्याला कोणी घेतले नाही. याउलट बिहारचा वैभव सूर्यवंशी १३ वर्षांचा असताना राजस्थानने त्याला १ कोटी १० लाखांत घेतले. तेव्हा हसणारे बरेच होते. २८ एप्रिल २०२५ रोजी त्याने गुजरातविरुद्ध ३५ चेंडूंत शतक केले. हसणे थांबले.

आता १४ कोटी २० लाख

१६ डिसेंबर २०२५ रोजी अबुधाबीच्या लिलावात हा सगळा वाद एका नव्या पातळीवर गेला. उत्तर प्रदेशचा २० वर्षांचा अष्टपैलू प्रशांत वीर आणि राजस्थानचा १९ वर्षांचा यष्टिरक्षक कार्तिक शर्मा. दोघेही भारताकडून न खेळलेले. दोघांनाही एकाच संघाने, एकाच किमतीला घेतले : प्रत्येकी १४ कोटी २० लाख.

संघ कोणता? २० लाखांत ऋतुराज, २० लाखांत तुषार आणि मुकेश शोधणारा चेन्नई सुपर किंग्ज.

मर्यादा आता १२५ कोटींची आहे. एकाचा वाटा ११.३६ टक्के, म्हणजे ड्रायसाइटलच्या वादग्रस्त करारात निघाला होता जवळपास तेवढाच. दोघांचा मिळून पावणेतेवीस टक्के. २०१४ मध्ये बंगळूरने एकट्या युवराजवर लावला होता तेवढा. लिलावात उतरताना चेन्नईच्या हातात ४३ कोटी ४० लाख होते, त्यातले २८ कोटी ४० लाख या दोघांवर गेले.

टक्क्याच्या मापाने ही हंगरगेकरसारखी छोटी पैज नाही आणि देसाईसारखा घराचा एक तृतीयांशही नाही. ती मधली आहे. संघातल्या बाकीच्यांनी सांभाळून घेतले, तर पचेल. न सांभाळल्यास दर पराभवानंतर या दोघांचीच नावे घेतली जातील. १९ आणि २० वर्षांच्या या पोरांना चेन्नई तीन वर्षे थांबू देते की एका खराब हंगामानंतर सोडून देते, यावर सौदा महाग की स्वस्त हे ठरेल. चेपॉकवर पहिला चेंडू पडण्याआधी ते सांगणारा माणूस बागेबाहेरूनच फळे मोजतो आहे.

या दोघांची लिलावातली मूळ किंमत ३० लाख होती. २०१४ मध्ये भारताच्या युवा संघाचा जालनेकर कर्णधार आयपीएलमध्ये गेला, तो याच आकड्याला.